मुलीला विचारले काय?

अभ्यासासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती, अध्याय २४

लग्नसराईत आगरदांड्याच्या धक्क्यावर उभे राहिले असता, राजपुरीची खाडी ओलांडून दिघीस जाणारी वऱ्हाडे फेरीबोटीत चढताना दिसतात. नवी नवरी मागे वळून माहेरच्या किनाऱ्याकडे पाहत असते. अशा वेळी आमच्या मनात येते की, मानपान, बस्ता व जेवणावळ ह्यांविषयी दहा जणांची मते घेतली गेली असतील. पण ह्या मुलीचे मत कोणी घेतले होते काय?

हल्ली वडीलधारी माणसे म्हणतात की, काळ बिघडला. मुलेमुली मोबाईलवर परस्पर जमवितात आणि आईबापांस सर्वांच्या शेवटी कळते. ह्या तक्रारीत तथ्य आहे. तथापि जुनी रीत निर्दोष होती असे कोणी समजू नये.

मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न त्या सुमारे अकरा वर्षांच्या असताना लावून देण्यात आले. त्या माहेरीच राहिल्या. १८८४ साली पतीने त्यांना नांदावयास आणण्यासाठी फिर्याद केली. १८८५ साली ती फेटाळली गेली. परंतु अपिलानंतर निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की, नांदावयास जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. अजाण वयात, संमतीवाचून लागलेले लग्न आपण मानीत नाही, असे सांगून बाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली पतीस दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे विलायतेत डॉक्टर होऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे स्त्रियांची सेवा केली.

त्यानंतर कायदा हळूहळू बदलला. १८९१ साली संमतिवय दहावरून बारा झाले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले, व १९७८ साली ते अठरा झाले. दोन सज्ञान माणसे स्वेच्छेने विवाह करीत असता कुटुंबाची किंवा जातीची परवानगी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले.

कायद्याने दार उघडले. पण घरात प्रश्न विचारण्याचे काम घरच्यांचेच आहे. रिबकेच्या वडिलांनी व भावाने अब्राहामाच्या सेवकास आधीच शब्द दिला होता. तरी निघण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तिला बोलावून, ह्या मनुष्याबरोबर जातेस काय, असे विचारले. प्रश्न उशिरा विचारला खरा, पण विचारला. आणि उत्तर तिने स्वतः दिले.

आम्ही पाळकही ह्या बाबतीत निर्दोष नाही. विवाहविधीत आम्ही वधूस सर्वांसमक्ष प्रश्न करितो. परंतु त्या वेळी मांडव भरलेला असतो, पाने वाढावयाची असतात. अशा घटकेस "नाही" म्हणण्याचे धैर्य कोणत्या मुलीस होईल? तिचा पुटपुटलेला होकार आम्ही कितीदा तरी समाधानाने ऐकून घेतला आहे. मौन हे संमतीचे लक्षण, असे म्हणतात. पण पुष्कळ घरांत मौन हे भीतीचे लक्षण असते.

म्हणून आईबापांस आमची विनंती आहे की, बोलणी करण्यापूर्वी मुलीस एकांतात विचारावे, आणि ती नको म्हणाली तर रागावू नये. तरुणांनीही आपल्या मनातील गोष्ट लपवून न ठेवता वेळीच घरी सांगावी. जेथे नकार शांतपणे ऐकला जातो, तेथेच मुले मोकळेपणाने बोलतात. आणि आम्ही पाळकांनी लग्नाची घोषणा मंडळीत वाचण्यापूर्वी वधूवरांस वेगवेगळे भेटून विचारावे.

विचार करण्यासाठी प्रश्न :
१. आपल्या घरातील मागल्या लग्नात मुलीस कोणी, केव्हा व कोणासमक्ष विचारले?
२. तिने नकार दिला असता तर आपण काय केले असते?
३. आपली मुले मनातील गोष्ट आपणांपासून लपवीत असतील, तर त्यात आपला दोष किती?