खुर्चीवरची धाव

अपंगांच्या शर्यतीचा उगम शोधू लागलो तो मला मैदानात नव्हे, इस्पितळात सापडला. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ रुग्णांची स्पर्धा भरविली. पण ती धनुर्विद्येची. चाकाच्या खुर्चीची शर्यत पॅरालिंपिकमध्ये आली १९६४ साली, टोकियोला, आणि तीही अवघी ६० मीटरची! एवढे अंतर पारोळ्यातल्या कोणत्याही मैदानावर आखता येईल. आपण मात्र अशा विद्यार्थ्याच्या हाती घड्याळ देऊन त्याला कडेला बसवितो. १९७६ साली टोरांटोला ही शर्यत १५०० मीटरपर्यंत पोचली.

त्याआधी, १९७२ साली, हायडेलबर्गला एक मराठी जवान उतरला होता : पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले होते. ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत त्यांनी मिळविलेले सुवर्णपदक बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तेथेच ते भालाफेकीत आणि स्लालममध्ये, म्हणजे खुर्चीवरच्या अडथळ्यांच्या शर्यतीतही, उतरले होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मला हा तपशील पदकाइतकाच मोलाचा वाटतो. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, तब्बल ४६ वर्षांनी.