बिलांच्या ढिगातून नेमके बिल : वाइल्डकार्ड नमुन्यांचा एक धडा

लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी कापडाचा धंदा करणाऱ्याचा माल सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी अशा अनेक पेठांतून येतो. पूर्वी मालाबरोबर कागदी बिल येई व ते तारेच्या खिळ्याला टोचून ठेवले की काम भागे. आता बिल मोबाइलवर किंवा ई-मेलवर फाइल होऊन येते. वर्षभरात अशा शेकडो फाइली जमतात. हिशेबाचे काम करणारी आपली मुले त्यासाठी छोटे प्रोग्राम लिहितात. पण प्रोग्रामला ‘कोणत्या फाइली घ्यायच्या’ हे सांगण्याची रीत मालकालाही समजली पाहिजे, कारण त्यातली गफलत शेवटी त्याच्याच खिशातून जाते.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. १ जानेवारी २०२२ पासून ही वजावट जीएसटीआर-२बी या मासिक तक्त्यात दिसणाऱ्या बिलांपुरतीच मिळते. त्यामुळे हातातली बिले आणि तो तक्ता दरमहा ताडून पाहावा लागतो. एखाद्या वर्षाची राहिलेली वजावट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरले तर तोपर्यंतच, मागता येते. शिवाय दप्तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. म्हणजे २०२३-२४ सालची बिले डिसेंबर २०३० अखेरपर्यंत सापडली पाहिजेत.

संगणकाला प्रत्येक फाइलचे पूर्ण नाव सांगत बसणे अशक्य आहे. म्हणून नावाऐवजी नावाचा नमुना सांगतात. त्यातील चिन्हांना वाइल्डकार्ड म्हणतात. ही सोय जुनी आहे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच ‘ग्लॉब’ नावाचा वेगळा प्रोग्राम हे काम करीत असे. आज पायथॉन या संगणकभाषेतही त्याच नावाचा तयार भाग मिळतो. त्याला नमुना दिला की जुळणाऱ्या फाइलींची यादी हाती येते.

मुख्य चिन्हे तीन आहेत. स्टार (*) म्हणजे कितीही अक्षरे, अगदी एकही नसले तरी चालेल. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमके एक अक्षर. चौकटी कंस म्हणजे कंसात दिलेल्यांपैकी कोणतेही एक.

समजा, आम्ही प्रत्येक बिलाला गाव, वर्ष, महिना, दिवस व क्रमांक या ओळीने नाव दिले : ‘सोलापूर-२०२४-०७-०५-०१२’. आता ‘सोलापूर-*’ म्हटले की सोलापूरची सर्व बिले येतात. ‘*-२०२४-०७-*’ म्हटले की सर्व पेठांची जुलैची बिले येतात. ‘सोलापूर-२०२४-०[४-६]-*’ म्हटले की एप्रिल ते जून ही तिमाही हाती येते.

महिन्याच्या व क्रमांकाच्या आधी शून्य का, हे आता कळेल. ‘बिल-१*’ या नमुन्यात एक क्रमांकाचे बिल तर येतेच, पण दहा ते एकोणीस आणि शंभरच्या घरातलीही येतात. ‘०१’, ‘०१२’ अशी सारख्या लांबीची नावे असली की हा घोळ होत नाही.

मराठी नावांत आणखी बारकावे आहेत. कोणी ‘सोलापूर’ लिहितो, कोणी ‘सोलापुर’. संगणक काना, मात्रा, उकार यांना स्वतंत्र चिन्ह मानतो, म्हणून ‘सोलाप?र-*’ हा नमुना दोन्ही पकडतो. ‘मालेगाव’ आणि ‘मालेगांव’ यांत एका अनुस्वाराचा फरक आहे. तेथे ‘मालेगा*व-*’ उपयोगी पडतो, कारण स्टार रिकामाही चालतो. मात्र ‘पू’ हे आपल्या डोळ्याला एक अक्षर असले तरी संगणकाला ती दोन चिन्हे आहेत. त्याच्या जागी एकच प्रश्नचिन्ह टाकले तर काही जुळणार नाही. तसेच मराठी पाच आणि इंग्रजी पाच हे संगणकाला वेगवेगळे आकडे आहेत. दुकानात कोणतीतरी एकच पद्धत ठरवावी.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. जिल्ह्याच्या गावच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या जुन्या फाइली एका नावाने आणि नव्या दुसऱ्या नावाने असणार. ‘धाराशिव-*’ एवढाच नमुना दिला तर जुनी बिले गळतील, आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. दोन्ही नावांचे नमुने वेगवेगळे चालवून याद्या एकत्र कराव्यात.

फोल्डरांचेही तसेच. एक स्टार एका फोल्डरची भिंत ओलांडत नाही. ‘खरेदी/*’ म्हटले तर खरेदीच्या फोल्डरातले थेट दिसते तेवढेच येते, त्याच्या पोटातील ‘२०२४’ फोल्डरातील बिले येत नाहीत. सर्व पोटफोल्डरांत शिरायचे तर दोन स्टार (**) लिहितात. पायथॉनच्या ग्लॉबमध्ये त्यासाठी ‘रिकर्सिव्ह’ हा पर्याय चालू करावा लागतो. नाहीतर दोन स्टार एकासारखेच वागतात.

आता चार सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, ग्लॉबची यादी क्रमाने येईल याची हमी नसते. ती लावून घ्यावी. दुसरी, काहीच जुळले नाही तर पायथॉन तक्रार न करता रिकामी यादी देतो. यादी रिकामी असेल तर प्रोग्रामने थांबून सांगावे, अशी ओळ त्यात हवीच. तिसरी, इंग्रजी नावांतील लहान-मोठ्या अक्षरांचा फरक लिनक्स पाळतो, विंडोज सहसा पाळत नाही. एका संगणकावर जुळलेला नमुना दुसऱ्यावर फसू शकतो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : पुसण्याच्या आज्ञेत स्टार वापरताना आधी तोच नमुना नुसती यादी दाखवण्यासाठी चालवावा. स्टारनंतर चुकून मोकळी जागा पडली, तर एकटा स्टार ‘सर्व फाइली’ असा अर्थ घेतो आणि सहा वर्षांचे दप्तर क्षणात जाते.

शिंपीकाम व भरतकाम करणाऱ्या कारागीर बांधवांनाही हे लागू आहे. नक्षीचे फोटो ‘जरी-गळा-०१’, ‘जरी-बाही-०१’ अशा शिस्तीने ठेवले, तर ‘जरी-*’ म्हणताच गिऱ्हाइकासमोर सर्व जरीकाम मांडता येते.

आमचा आग्रह एवढाच की आजच दुकानात नाव देण्याची एक रीत कागदावर लिहून भिंतीला लावावी. आणि दर महिन्याला नमुन्याने आलेल्या बिलांची संख्या आवकवहीतील नोंदींच्या संख्येशी ताडावी. दोन आकडे जुळले तरच पुढचा हिशेब करावा.