गंज काढावा, खूण राखावी

दुसऱ्या महायुद्धांत फोर्ड कारखान्यानें बनविलेल्या जीप गाडीच्या अनेक भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरहि, ‘एफ’ हें इंग्रजी अक्षर उठविलेलें असे. भाग अस्सल असल्याची ती एक साक्ष. कानशीनें घासल्यास गंजाबरोबर तीहि जाते.

म्हणून प्रथम खुणेवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें तिची नक्कल उतरावी. धुण्याच्या सोड्यानें तेलकटपणा काढावा. नंतर काकवीसारखी दाट मळी एक भाग व पाणी नऊ भाग यांत पोलादी भाग एक-दोन आठवडे बुडवावा. मधून मधून पाहावा. मळीनें गंज सुटतो, शाबूत लोखंड फारसें झिजत नाहीं. ॲल्युमिनियम व जस्त मात्र त्यांत घालूं नये. शेवटीं पितळी ब्रशानें हलकेंच धुवून, लगेच वाळवून तेल लावावें.

गंज पुन्हां काढतां येतो. बुजलेली खूण पुन्हां उठविणें कठीण.