पार्दिनी की वॉल्थर? आधी हाताला विचारा

अंधेरी-बोरिवलीकडची मुलं एअर पिस्तूल सोडून .22 कडे वळली की पालक विचारतात, "पार्दिनी घ्यायची की वॉल्थर?" इटलीची पार्दिनी एसपी आणि जर्मनीची वॉल्थर जीएसपी, दोन्ही मी वरळीच्या रेंजवर मनापासून चालवल्या आहेत. त्यातून जे कळलं ते असं.

१. कागदावर फरक शोधू नका. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक, मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, भरायच्या पाचच गोळ्या. ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा आणि पिस्तूल 1400 ग्रॅमच्या आत, हा स्पर्धेचा नियम दोघींनाही सारखाच.

२. लोकलमधून उतरून थेट फायरिंग लाइनवर जाऊ नका. बोरिवली ते दादर वरची कडी धरून उभं राहिलं की मनगट भरून येतं. अशा हाताला चांगलं पिस्तूलही जड लागतं. आधी निवांत बसा.

३. खरी परीक्षा डोळे मिटून. रेंज ऑफिसरच्या परवानगीने, रिकामं पिस्तूल टार्गेटच्या दिशेने धरा, डोळे मिटून हात उचला आणि मग डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपसूक मधोमध आली, तर ग्रिप तुमची. एका बाजूला सरकली, तर दोष बहुधा लाकडाचा असतो. तळव्याखाली पोकळी राहिली असेल तिथे लाकडाची पुट्टी भरायची, बोटाला टोचतं तिथे कानस फिरवायची, तेही थोडं थोडं. पिस्तूल बदलण्याआधी ग्रिप बदला, हे मी प्रत्येकाला सांगते.

४. वॉल्थर पुढून जड, पार्दिनी हातात खोल बसणारी. 25 मीटर मॅचच्या प्रिसिजन टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात. तिथे वॉल्थरचं पुढचं वजन हात स्थिर ठेवतं, आणि मला ती तिथे फार आवडते. रॅपिड टप्प्यात मात्र हात 45 अंशांत खाली, टार्गेट तीन सेकंद समोर, सात सेकंद पाठमोरं. त्या तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी सोडायची. इथे पार्दिनी पटकन वर येते आणि वेळेत थांबते. तिची नळी मुठीच्या जवळ असल्याने धक्का सरळ मागे येतो, नाक फारसं उडत नाही. स्टँडर्ड पिस्तूल या स्पर्धाप्रकारात दहा सेकंदांत पाच गोळ्या सोडताना हे फार जाणवतं. महिलांच्या 25 मीटरची फायनल सगळी रॅपिडचीच असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत शूट-ऑफपर्यंत ताणलेली अशीच फायनल जिंकून सुवर्ण आणलं.

५. वॉल्थरचा ट्रिगर अख्खा सुटा निघतो, त्यामुळे सफाई सोपी. दोन्हींच्या ट्रिगरचे स्क्रू मात्र जाणत्या माणसाखेरीज कुणी फिरवू नयेत.

६. पावसाळ्यात वरळीची खारी हवा लोखंड खाते, लाकूड फुगवते. घरी आल्यावर तेलाचा हात फिरवलाच पाहिजे.

माझा कौल : लहान हाताच्या आणि फायनलचं स्वप्न पाहणाऱ्या मुलीला पार्दिनी. कुणाची नीट राखलेली जुनी वॉल्थर वाजवी भावात मिळत असेल, तर शिकाऊ नेमबाजाने ती जरूर घ्यावी. पैसे मोजण्याआधी दोन्हींवर 60 गोळ्यांची पूर्ण मॅच खेळून बघा, आणि परवान्याची कागदपत्रं आधीच हातात ठेवा.