जीप नेमकी कोणाची?



आपल्याकडे कोणत्याही उघड्या, दणकट गाडीला सरसकट ‘जीप’ म्हणतात. खरे तर ते एका कंपनीचे नाव आहे. आणि गंमत अशी की ज्या कंपनीला हे नाव मिळाले, तिने ही गाडी सर्वप्रथम बनवलीच नव्हती.

१९४० साली युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिकी सैन्याला चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी हलकी गाडी हवी होती. साध्या मोटारीत ही ताकद दोनच चाकांना मिळते. ती चिखलात घसरली की गाडी जागीच अडते. चारही चाके जोर लावू लागली, तर मागची घसरली तरी पुढची ओढून नेतात. सैन्याची अट कडक होती : नमुना ४९ दिवसांत! ती पाळली पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने मुख्य आराखडे अवघ्या दोन-तीन दिवसांत काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या हवाली झाली.

पण एवढीशी कंपनी हजारो गाड्या कशा पुरवणार, ही सैन्याला शंका. त्यांनी बँटमचे आराखडे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना दाखवले. विलिसचे ६० अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरले, हे मान्य करायला हवे. १९४१ चे मोठे कंत्राट विलिसला मिळाले, पुढे फोर्डलाही. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. बँटमने तीन हजारांहून कमी. ‘जीप आम्हीच घडवली’ अशी जाहिरात विलिसने केली, तेव्हा अमेरिकी व्यापार आयोगाने १९४८ मध्ये ती थांबवायला लावली. तरीही १९५० मध्ये नावाची नोंदणी विलिसच्याच नावे झाली! आम्हाला हे पटत नाही.

स्वातंत्र्यानंतर विलिसच्या जीपचे सुटे भाग मुंबईत, माझगावला जोडले जाऊ लागले. हे काम करणारी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी १९४५ ची. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले.

आठवी-नववीच्या मुलांनी घरी आई-बाबांशी चर्चा करून दहा ओळी लिहून आणाव्यात : युद्धाची घाई होती म्हणून एकाचे आराखडे दुसऱ्याला देणे योग्य होते का?