आजारी कोंबडीची शुश्रूषा

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही आता मोठी शहरे झाली आहेत. तथापि त्यांच्या आसपासच्या जुन्या गावांत, उंच इमारतींच्या पायथ्याशी, कोठे कोठे कौलारू घर उरलेले असते आणि त्याच्या परसात चार-सहा गावठी कोंबड्या दाणे टिपताना दिसतात. शहापूर-मुरबाडकडे गेल्यास कोंबड्यांवाचून अंगण सापडणेच कठीण. अशा घरी कोंबडी ही मुलांची सोबतीण असते आणि घराची लहानशी पुंजीही असते. अंडी विकून वह्या-पेन्सिलींचा खर्च निघतो, पाहुणा आला तर त्याचे आदरातिथ्य होते. म्हणूनच एखाद्या सकाळी खुराड्याचे दार उघडल्यावर सगळ्या कोंबड्या बाहेर धावल्या आणि एकच कोपऱ्यात बसून राहिली, म्हणजे घरातील मंडळी चिंतेत पडतात.

कोंबडी आपले दुखणे लपविते. दुबळे पाखरू शत्रूच्या नजरेस प्रथम पडते. यामुळे आजारी कोंबडीही शक्य तोवर इतरांबरोबर हिंडते व दाणे टिपल्याचे सोंग करते. ती पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून एका जागी उभी राहिली, तर दुखणे आजचे नसून दोन-चार दिवसांचे आहे असे समजावे. तुरा फिका किंवा काळपट पडला आहे काय, श्वास घेताना चोच उघडी राहते काय, विष्ठा हिरवी, पांढरी किंवा रक्तमिश्रित आहे काय, हे बारकाईने पाहावे. गळ्याच्या बुडाशी दाणे साठविण्याची एक पिशवी असते. रात्री ती भरलेली व सकाळी रिकामी असावयास हवी. सकाळीही ती टणक लागली तर अन्न पुढे सरकलेले नाही, हे हाताला कळते.

एका गोष्टीत मात्र पुष्कळांची फसगत होते. कोंबडीच्या पंखाखाली हात घातला की तो चांगलाच गरम लागतो आणि "हिला ताप आला आहे" असा निर्वाळा दिला जातो. वास्तविक निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते, तर निरोगी कोंबडीचे ४१ अंशांच्या आसपास असते. माणसाला ज्या तापात भ्रम व्हावा, त्या उष्णतेत कोंबडी सुखाने अंडी घालते! तेव्हा केवळ हाताच्या स्पर्शावरून तिला तापाची गोळी चारणे व्यर्थच नव्हे तर घातकही होय. माणसांची औषधे तिला मुळीच देऊ नयेत.

घरगुती उपचारांत पहिला मान हळदीचा नाही, लसणाचाही नाही. तो मान डालग्याचा आहे. आजारी कोंबडीला इतरांपासून लांब, वारा न लागणाऱ्या कोरड्या जागी डालून ठेवावे. खाली भाताचे तूस पसरावे आणि तिचे पाण्याचे भांडे निराळे ठेवावे. प्रथम निरोगी कोंबड्यांना दाणा-पाणी घालून मग आजारी कोंबडीकडे जावे. तिची सेवा झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. हा क्रम उलटा झाला, तर सेवा करणाराच रोगाचा वाहक ठरतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर कोरडी जागा हेच निम्मे औषध होय. ओल्या खुराड्यात पिलांना रक्ती हगवण लागते, आणि तिचे जंतू ओलाव्यातच वाढतात. म्हणून ओले तूस रोज काढून टाकणे हे कोणत्याही काढ्यापेक्षा अधिक गुणकारी आहे.

दुसरा उपचार पाण्याचा. हगवण लागलेली कोंबडी बहुधा भुकेने नव्हे, तर अंगातील पाणी आटल्याने मरते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते तिच्यापुढे ठेवावे. मीठ याहून अधिक नको, ते कोंबडीला बाधते. ती आपण होऊन पीत नसेल, तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा. तो ती जिभेने ओढून घेते. चोच उघडून घशात पाणी ओतण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तिच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, आणि ओतलेले पाणी पोटाऐवजी फुप्फुसात जाऊ शकते.

काही लहान दुखण्यांना घरचे उपाय चांगले लागू पडतात. पायांवरील खवले उचलले जाऊन खरखरीत झाले असतील, तर त्यांखाली डोळ्यांना न दिसणारे किडे शिरलेले असतात. पाय कोमट पाण्याने धुऊन काही दिवस खोबरेल तेल चोळल्यास ते किडे गुदमरून मरतात. जुनी माणसे याच कामी रॉकेल वापरीत, पण त्याने कातडी पोळते. पिसांतील उवांसाठी चुलीची थंड राख व कोरडी माती एका खड्ड्यात घालून ठेवावी, पुढचे काम कोंबडी स्वतःच करते. तिला त्या धुळीत लोळताना पाहणे ही एक गंमतच असते. चोचीने टोचून झालेली लहान जखम मीठ घातलेल्या उकळलेल्या पाण्याने धुवावी व हळद लावावी. लाल रक्त दिसले की इतर कोंबड्या तेथेच पुनःपुन्हा टोचतात, हळदीने तो रंगही झाकला जातो.

अंडे अडकलेली कोंबडी शेपूट खाली सोडून, पाय फाकून बसते व सारखी कुंथते. तिला पोटापर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवावे आणि मग अंधाऱ्या, उबदार जागी एकटी सोडावी. अंडे ओढून काढण्याची घाई करू नये, ते आत फुटल्यास कोंबडी वाचणे कठीण होते. कवचाला लागणारा चुना पोटात कमी जाणे हेही या दुखण्याचे एक कारण असते. खाडीकाठी सापडणाऱ्या शिंपल्यांचा चुरा दाण्यात मिसळणे हा त्यावरचा साधा इलाज होय.

येथवर घरगुती उपचारांचे राज्य आहे. परंतु कोंबडीची मान वाकडी झाली, पाय लटके पडले, ती तोल जाऊन पडू लागली, म्हणजे गोष्ट निराळी होते. हे लक्षण दोन अगदी भिन्न दुखण्यांत दिसते. त्यांतील एकावर स्वयंपाकघरात औषध आहे, दुसऱ्यावर कोठेच नाही.

पहिल्या दुखण्याची हकीकत जावा बेटात घडली. त्या काळी तेथे डच लोकांची सत्ता होती आणि बेरीबेरी नावाच्या रोगाने सैनिक व कैदी हैराण झाले होते. त्यांचे पाय लुळे पडत व पुष्कळांचा अंत होई. त्या रोगाचे जंतू शोधण्यासाठी ख्रिस्तियान आइकमन नावाचा डॉक्टर लष्करी रुग्णालयात प्रयोग करीत होता. १८८९ च्या सुमारास त्याने पाळलेल्या कोंबड्या एकाएकी झोकांड्या खाऊ लागल्या. त्यांना दांडीवर बसता येईना, मग उभेही राहता येईना. आइकमनने जंतू शोधले, पण सापडले नाहीत. काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करता असे समजले, की कोंबड्या सांभाळणारा नोकर रुग्णालयातील उरलेला पांढरा भात त्यांना घालीत असे. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देणे त्याला मान्य नव्हते! कोंबड्यांच्या वाट्याला पुन्हा न सडलेला तांदूळ आला आणि त्या चालू लागल्या. मग आइकमनने मुद्दाम प्रयोग करून पाहिले. पांढऱ्या तांदळाने कोंबड्या आजारी पडत, आणि तांदळाचा कोंडा चारला की बऱ्या होत. जावातील तुरुंगांची पाहणी झाली, तेव्हा पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत बेरीबेरी फार व कोंड्यासह तांदूळ खाणाऱ्यांत फारच थोडी आढळली. कोंड्यात जीवनास आवश्यक असा काही पदार्थ असतो, हे त्यातून हळूहळू उमगले. आज आपण त्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आजारी कोंबड्यांकडे त्याने नीट लक्ष दिले नसते, तर माणसांच्या रोगाचे हे कोडे आणखी किती वर्षे राहिले असते कोण जाणे!

ठाणे जिल्हा भाताचा प्रदेश. येथील घरांत भात सडल्यावर निघणारा कोंडा कोंबड्यांना घालण्याची रीत जुनी आहे. त्यात जीवनसत्त्व असते हे घरातील बायकांना ठाऊक नव्हते, पण कोंबड्या त्यावर पोसतात हे त्यांनी पाहिले होते. मोकळी हिंडणारी कोंबडी किडे व गवतही खाते, म्हणून तिला हे दुखणे सहसा होत नाही. पिंजऱ्यात कोंडून केवळ शिळा पांढरा भात घातलेल्या कोंबडीची मान मात्र मागे वळू शकते. कोंडा किंवा इतर जीवनसत्त्वयुक्त आहार वेळीच मिळाला तर ती सुधारते.

दुसरे दुखणे म्हणजे मानमोडी. १९१८ साली माणसांत आलेल्या इन्फ्लुएन्झाच्या भयंकर साथीलाही महाराष्ट्रात लोकांनी हेच नाव दिले होते, परंतु तो रोग निराळा. कोंबड्यांची मानमोडी प्रथम १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ओळखली गेली. थोड्याच काळात ती हिमालयातील राणीखेत येथे आढळली, म्हणून आपल्याकडे तिला राणीखेत रोग असेही म्हणतात. हा विषाणूंचा रोग आहे. हिरवट हगवण, घरघरणारा श्वास आणि मग वळलेली मान अशी त्याची लक्षणे असतात. पाहता पाहता वाडीतील सगळी खुराडी ओस पडतात. लसूण, हळद, कोंडा, काढा यांपैकी कशानेही तो बरा होत नाही, आणि दवाखान्यातही त्यावर औषध नाही. लस मात्र आहे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात वा नाकपुडीत तिचा एक थेंब टाकतात व सुमारे आठ आठवड्यांनी पंखाजवळ सुई टोचतात. पुण्यात औंध येथे राज्य सरकारची पशूंच्या लसी तयार करणारी संस्था आहे. अडचण एवढीच, की ही लस थंड ठेवावी लागते, आणि कुपी एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची लस असते. चार कोंबड्यांच्या धन्याने ती एकट्याने आणावी कशी? याचा उपाय शेजारधर्मात आहे. गल्लीतील सर्वांनी एक दिवस ठरवून आपापल्या कोंबड्या एकत्र टोचून घ्याव्यात.

याहून गंभीर प्रसंगही ठाणे जिल्ह्याने पाहिला आहे. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात वंचक जातीचे बगळे मेलेले आढळले. त्यांना बर्ड फ्लू झाला होता. पुढील वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, शहापूर तालुक्यातील वेहळोली गावी एका कुक्कुटपालन केंद्रात शंभराच्या आसपास कोंबड्या दगावल्या. तोही बर्ड फ्लूच ठरला. तेव्हा एक किलोमीटरच्या परिसरातील सुमारे पंचवीस हजार कोंबड्या नष्ट करण्याचे ठरले. त्यांतील बहुतेक कोंबड्या दिसावयास धडधाकट होत्या. हा निर्णय कठोर वाटतो, परंतु या रोगाचे विषाणू रानपाखरांच्या विष्ठेतून व पाण्यातून दूरवर जातात आणि क्वचित माणसालाही ग्रासतात.

म्हणून एक-दोन दिवसांत एकापाठोपाठ एक अशा कोंबड्या मरू लागल्या, तुरे निळे-काळे पडून डोकी सुजली, किंवा जवळपास कावळे-बगळे मेलेले दिसले, तर सारे काढे बाजूला ठेवावेत. अशा वेळी मुलांनी आजारी अथवा मेलेल्या पाखराला हात लावू नये. मोठ्या माणसांना सांगून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी. काही जण बोभाटा नको म्हणून गप्प बसतात, काही उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेऊन विकतात, आणि रोग दुसऱ्या गावाला पोहोचतो. कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

साधी एकच कोंबडी आजाराने मेली तरी तिला ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, कुत्री व कावळे तिला गावभर नेतात. मोठ्या माणसांनी खोल खड्डा खणावा, तिच्यावर चुना टाकावा व माती दाबून बसवावी. जुने तूस जाळावे. खुराडे घासूनपुसून चुन्याने रंगवावे व काही आठवडे उन्हात रिकामे ठेवावे. आठवड्याच्या बाजारातून नवी तलंग आणली, तर तिलाही दोन-तीन आठवडे निराळ्या डालग्याखाली ठेवावे, आणि रोज सकाळी ती दाण्यावर धावते की कोपऱ्यात बसते ते पाहावे.