‘सुतार का झोपडा’ आणि होर्यूजी

आपल्या शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवरील वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणत आले आहेत. सातव्या शतकातील या चैत्यगृहात स्तूपासमोर तथागतांची बैठी मूर्ती आहे. तिलाच विश्वकर्मा मानून सुतार मंडळी वंदन करीत. याचे कारण छताकडे पाहिले की उमगते. तेथे लाकडी वाशांप्रमाणे दगडी कमानी कोरल्या आहेत. त्या कोणताही भार पेलत नाहीत. आरंभीच्या लाकडी वास्तूंची ती स्मृती आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर प्राचीन लाकडी कमानी आजही दिसतात.

जपानमधील नारा परिसरातील होर्यूजी विहार सुमारे १३०० वर्षे लाकडातच उभा आहे. हिनोकी वृक्षाचे लाकूड टिकाऊ खरे. परंतु तेवढ्याने हे घडले नाही. तेथील जोडकाम सोडवून, कुजलेला भाग बदलून, वास्तू पुन्हा उभारता येते. त्यासाठी जाणते हात पिढ्यान्‌पिढ्या लागतात. तेथील सुतारघराण्यात जन्मलेले त्सुनेकाझू निशिओका (१९०८–१९९५) यांनी वापरातून गेलेले भाल्याच्या पात्यासारखे रंधण्याचे हत्यार, यारिगान्ना, पुन्हा प्रचारात आणले. कारण जुन्या खांबांवरील तासणीच्या खुणा आजच्या रंध्याने उमटत नाहीत.

दगडाने आकार जपला. कसब मात्र माणसानेच माणसाला द्यावे लागते. म्हणून आम्हांस वाटते, पुढील सहलीत आपण वस्तीतील एखाद्या जाणत्या सुतारासही सन्मानाने सोबत न्यावे. त्या कमानींचा धडा त्यांनीच मुलांना द्यावा.